दोन मोबाइलचं वृंदगान

मार्चमधल्या त्या शनिवारी मी संगीताच्या खोलीला कुलूप लावलं तेव्हा आत दोन पेट्या, एक ढोलकी, तबल्याची जोडी, झांजा आणि घुंगरांचा एक पट्टा होता. किल्ली शिपाईकाकांकडे दिली, बडनेऱ्याला आले आणि गाडीनं अकोल्याला गेले. दर शनिवारी जायचे तशीच. माझी नोकरी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत आणि नवऱ्याची अकोल्यात. आठवडाभर मी अमरावतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. त्या वेळी दोन दिवसांचे कपडे पिशवीत टाकून निघाले होते. परत त्या खोल्या उघडायला आठ महिने लागले.

शाळेच्या वृंदगानात तेव्हा बावीस मुली होत्या, सातवीपासून नववीपर्यंतच्या. अठरा गाणाऱ्या, दोघी पेटीवर, एक झांजेवर आणि एक ढोलकीवर. ढोलकीवाली आठवीत होती. ती भातकुलीहून रोज एसटीनं यायची. अंगानं बारीक, बोलायला कमी, पण ढोलकी मांडीवर घेतली की बाकीच्या एकवीस जणी तिच्या हातांकडे बघायच्या. मी समोर उभी राहून कितीही हात हलवले तरी गाणं खरं ती चालवायची. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते कधी तिला बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी कापूस वेचणीवर एक गीत लिहिलं होतं, चार कडव्यांचं. त्याला मी चाल लावली होती. मार्चपर्यंत दोन कडवी बसली होती. तिसऱ्यात मुली दोन गटांत गायच्या, एक गट ओळ सोडेपर्यंत दुसऱ्यानं उचलायची. तेच बसत नव्हतं. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणून मी सोडून दिलं होतं.

जूनच्या शेवटी मुख्याध्यापकांचा फोन आला. सगळे विषय ऑनलाइन घ्यायचे, संगीतसुद्धा. शनिवारी अकरा ते पाऊण वाजेपर्यंतचा वेळ मला मिळाला. मला मनापासून आनंद झाला. पहिल्या शनिवारी मी इस्त्रीची साडी नेसून, घरची जुनी पेटी पुढ्यात घेऊन, मोबाइल डब्यांच्या उतरंडीवर टेकवून बसले. बावीसपैकी एकोणीस मुली आल्या. अर्ध्या तर ओरडतच होत्या, "मॅडम, आवाज येते काय? मॅडम, दिसून राहिली काय मी?" पाच मिनिटं हेच चाललं. मग मी काळी चारचा सूर दिला आणि म्हणाले, "चला, पहिलं कडवं. एक, दोन, तीन."

पुढं जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. एकोणीस आवाज एकोणीस वेळांना आले. एक मुलगी ओळ संपवत होती तेव्हा दुसरीची सुरू होत होती. एकीच्या घरी कुकर, दुसरीकडे बोअरची मोटर. आतल्या खोलीतून नवरा धावत बाहेर आला, काय पडलं म्हणून. मी घाईघाईनं सगळ्यांचे आवाज बंद केले. घर एकदम शांत झालं. पडद्यावर एकोणीस तोंडं उघडत-मिटत राहिली.

मला वाटलं, इंटरनेटचा दोष आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा करून पाहिलं. मग आमच्या संगणकाच्या सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आवाज जायला-यायला वेळ लागतोच. एकत्र गाणं यावर होणार नाही." मग मी ठरवून टाकलं: मी पेटीवर गाणार, मुली आपापल्या घरी माझ्याबरोबर गातील, आवाज बंद ठेवून. मला त्यांचं ऐकू येणार नाही, त्यांना माझं येईल. दुसरा मार्ग मला तरी दिसत नव्हता.

जुलैभर असं चाललं. एकोणिसाच्या पंधरा झाल्या, पंधराच्या अकरा. मग मी युक्त्या सुरू केल्या. सूर ओळखा स्पर्धा घेतली. टाळ्यांचे खेळ घेतले. वाद्यांची चित्रं पाठवून प्रश्नमंजूषा काढली आणि सगळ्यांना रंगीत प्रमाणपत्रं पाठवली. त्या दिवशी संख्या वाढायची, पुढच्या शनिवारी पुन्हा उतरायची. मग मी कडक झाले. कॅमेरा चालू नसेल तर हजेरी नाही, असं सांगितलं. त्यावर हिवरखेडच्या मुलीची आई स्वतः बोलली. ती मुलगी एरवी अमरावतीत मामाकडे राहून शिकायची. टाळेबंदीत गावी गेली होती. आई म्हणाली, "मॅडम, आमच्या अठी रेंज फक्त पान्याच्या टाकीवर भेटते. पोरगी उन्हात टाकीवर बसून तुमचा क्लास करते. कॅमेरा लावला की फोन गरम होऊन बंद पडते. आता सांगा काय करू?"

मी म्हणाले, "नको, कॅमेरा नको." त्याच दिवशी कॅमेऱ्याचा नियम मी मागे घेतला, पण मनातून मला वाटत होतं की मुलींनाच आता गोडी राहिली नाही. हे वाटणं सोयीचं होतं.

ढोलकीवाली पहिल्या दोन शनिवारी आली आणि नंतर आलीच नाही. तिच्या घरी एकच स्मार्टफोन आहे, तो वडिलांकडे असतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी धरून चालले की फोन नसेल. ऑगस्टमधे एका दुपारी मी त्या नंबरवर फोन केला. वडिलांनी उचलला. ते वावरात होते, पिकाच्या ओळींमधलं तण काढायची डवरणी चालू होती. म्हणाले, "फोन? शनिवारी मी फोन घरीच ठेवतो न मॅडम, तिच्यासाठीच. ती करत नाही काय क्लास?"

संध्याकाळी तिनंच फोन केला. बहुतेक वडील रागावले असावेत. मी विचारलं, "का येत नाहीस गं?"

मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "मॅडम, माझ्याजवळ ढोलकी कुठी आहे? ढोलकी तं शाळेत आहे."

"मग नुसती गा सगळ्यांबरोबर."

"सगळ्याइबरोबर कुठी?" ती पटकन म्हणाली. मग हळू आवाजात: "तुमी आमाले म्यूट करून ठेवता. मी गायली काय न नाही गायली काय, कोनाले समजते? शाळेत एक ठोका चुकला तं सगळ्या माझ्याकडे पाहत. आता मी नसली तरी कोनी विचारलं नाही. तुमी बी आज विचारून राहिल्या."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी गोष्ट हिशेबात बसत नाही, तर ती का बसत नाही, असं ती मला समजावत होती. मी म्हणाले, "चुकलं माझं." दुसरं काय म्हणणार? "बरं मॅडम, ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी चिडलेही होते. आठवीतून नववीत गेलेली पोरगी मला शिकवते म्हणून नव्हे, तर तिचं खरं होतं म्हणून. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला गाण्यातलं काही कळत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्याला सरगम शिकवायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. तो कृषी खात्यात. सारखे शेतकऱ्यांचे फोन घेणारा माणूस. तो म्हणाला, "एकत्र नाही होत तं एकामागून एक करा. आमच्याकडे एक फाइल दहा टेबलांवरून जाते, प्रत्येकजण आपलं काहीतरी लिहिते, आणि शेवटी एकच फाइल राहते."

मला आधी हसू आलं. मग मी म्हणाले, "तुझा मोबाइल दे."

माझ्या मोबाइलवर मी स्वतःच्या आवाजात पहिलं कडवं भरलं. मग ते मोठ्यानं वाजवलं, त्याच्याबरोबर गायले आणि दोन्ही मिळून नवऱ्याच्या मोबाइलवर भरलं. आता त्यात मी दोनदा होते. मग त्याचा मोबाइल वाजवून तिसऱ्यांदा. तीन मी. आवाज थोडा पत्र्यासारखा होत होता, पण तीन जणी गात होत्या यात शंका नव्हती. तिसऱ्यांदा गाताना मला आधीच्या दोघींकडे कान द्यावाच लागला, नाहीतर पुढं निघून जायचे. एक महिना ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं. शाळेत मी मुलींना रोज ओरडून सांगायचे, आपलं कमी, शेजारणीचं जास्त ऐका. इथं ऐकल्याशिवाय गाताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भातकुलीला फोन केला. म्हणाले, "साखळी करायची आहे. पहिली कडी ढोलकीची. लय तू दिलीस तर बाकीच्या गातील. तू नाही दिलीस तर सुरू होणार नाही."

ती म्हणाली, "न ढोलकी?"

ढोलकी आणण्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी, शिपाईकाकांची वेळ आणि तिच्या वडिलांची मोटरसायकल अशा तीन गोष्टी जमायला आठवडा गेला. शेवटी ती आणि वडील तोंडाला रुमाल बांधून अमरावतीला गेले, काकांनी खोली उघडली आणि ढोलकी चादरीत गुंडाळून दिली. परत येताना नाक्यावर पोलिसांनी अडवलं. चादरीत काय आहे म्हणून विचारलं. ढोलकी म्हटल्यावर तो पोलीस म्हणाला, ढोलकीसाठी कोणी बाहेर पडते काय? वडिलांनी सांगितलं, पोरीच्या शाळेचा अभ्यास आहे. पोलिसाचा विश्वास बसेना. "मंग वाजवून दाखव." तिनं रस्त्याच्या कडेला मोटरसायकलच्या सीटवर ढोलकी ठेवली आणि उभ्यानंच वाजवली. हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दोन म्हैने ढोलकी उन्हाशिवाय बंद खोलीत होती मॅडम, ताणाची वादी सैल झाली होती. चांगली नाही वाजली." पोलिसानं सोडलं याचं तिला काही नव्हतं. वाजली नाही याचं वाईट वाटत होतं. आणि दोन नव्हे, पाच महिने झाले होते.

मी पेटीवर चाल वाजवून पाठवली, त्यावर तिनं ढोलकी भरली. मग ते मी घरी स्वतःची पेटी असलेल्या मुलीला पाठवलं, तिनं पुढं पहिल्या गाणारीला, अशी यादी करून दिली. प्रत्येकीनं दोन दिवसांत आपली कडी जोडून पुढच्या मुलीला पाठवायची. मला नाही, पुढच्या मुलीला. मला फक्त शेवटी मिळणार.

अडचण लगेच आली. प्रत्येक घरात दोन मोबाइल कुठून येणार? एक वाजवायला, एक भरायला. हा विचार मी केलाच नव्हता. पण मुलींनी केला. कोणी शेजारच्या काकूंचा मागितला, कोणी गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचा, कोणी किराणा दुकानदाराचा. हिवरखेडच्या मुलीनं टाकीवर भावाला सोबत नेलं, तो वाजवायचा मोबाइल धरून बसायचा आणि तिनं गाऊन झालं की म्हणायचा, "झालं काय तुझं?" ते "झालं काय तुझं?" सगळ्यांच्या कड्यांमधून शेवटपर्यंत आलं. एकीच्या आजोबांनी आपला मोबाइल दिला, पण गाणं ऐकल्याशिवाय देणार नाही म्हणाले, म्हणून तिनं त्यांच्यासमोर गायलं. मागे त्यांचा खोकला आहे.

पहिली साखळी सतरा मुलींपर्यंत गेली. माझ्याकडे जे आलं ते ऐकण्यासारखं नव्हतं. आवाजाची प्रत, प्रतीची प्रत, असं होत होत ढोलकी डब्यावर चमचा वाजवल्यासारखी झाली होती आणि पहिल्या पाच मुली पार विहिरीत गेल्या होत्या. मला वाटलं, मुली नाउमेद होतील. मी बैठक घेतली, तर त्या भांडत होत्या. "माझ्या मागं हिले नका ठेवू, ही ओळ खाते." "तू हळू गायली म्हणून मी खाल्ली." "तिसऱ्या कडव्यात कोनीच श्वास नाही घेत." महिनाभर मी ज्यांच्याकडून एक शब्द काढू शकले नव्हते त्या एकमेकींचे श्वास मोजत होत्या. मी मधे बोलायचा प्रयत्न केला, पण माझाच आवाज बंद होता. ते लक्षात येईपर्यंत त्यांचं पुढचं ठरलंसुद्धा. सतराची एक साखळी नको, चार-चार जणींच्या लहान साखळ्या करू. प्रत्येक साखळी ढोलकीवालीच्या मूळ कडीपासून सुरू होईल म्हणजे लय तीच राहील. कोणाच्या मागे कोण, हे त्याच ठरवतील. हे सगळं ढोलकीवालीनं सुचवलं. फोनवर माझ्याशी बोलताना अडखळणारी मुलगी मैत्रिणींशी भराभर बोलत होती.

सगळ्याच मुली परत आल्या असं मात्र नाही. सातवीतून आठवीत गेलेली एक मुलगी, आवाज अतिशय चांगला, तिनं सांगितलं की तिला गायचं नाही. मी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, मले आता चित्रं काढाले आवडून राहिलं. शाळेत तुमी नाव लिवलं म्हनून मी येत होती." मला ते लागलं. पुढं कधीतरी तिनं चितारलेला बैल मोबाइलवर पाठवला. तो खरोखर सुरेख होता. आणखी दोघींशी संपर्कच राहिला नाही. त्यांचे नंबर लागेनात आणि त्या गावांपर्यंत जाण्याइतकी मी धडपड केली नाही, हेही सांगायला हवं.

दिवाळीनंतर मला अमरावतीला जाता आलं. मधे काही दिवस नववी-दहावीचे वर्ग भरले, पण गाण्याला परवानगी नव्हती. तोंडानं गाणं हा धोक्याचा प्रकार ठरला होता. म्हणून मुली शाळेत यायच्या, मास्क लावून गणित करायच्या आणि घरी जाऊन साखळीत गायच्या. जानेवारीत संगणकाच्या सरांनी पाच साखळ्या एकमेकींवर बसवून एक केल्या आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मैदानावर लाउडस्पीकरवर लावल्या. मैदानावर आम्ही शिक्षक होतो आणि शिपाईकाका. मुली घरी होत्या. फार चांगलं झालं होतं असं म्हणणार नाही. तिसऱ्या कडव्यात दोन साखळ्या भिडल्याच होत्या. पण मराठीचे सर मास्क खाली करून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. त्यांनी आपल्या गीताची तीन कडवी सलग अशी पहिल्यांदाच ऐकली.

फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा बंद झालं. मी या वेळी शाळेची पेटी घेऊन अकोल्याला आले. मुलींनी चौथं कडवं सुरू केलं होतं. त्यात मधल्या दोन ओळी एकटीनं गायच्या होत्या आणि त्या आम्ही अचलपूरच्या मुलीला दिल्या होत्या. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि तेव्हा घरी होती. नववीतली, खर्जातला आवाज, हसली की डोळे मिटायचे. तिच्या साखळीत ती तिसरी होती.

एप्रिलमधे तिचे वडील दवाखान्यात भरती झाले आणि आठव्या दिवशी गेले. मला तिच्या मामांकडून कळलं. मी फोन केला, तिनं घेतला. मी "जेवलीस का" विचारलं, ती "हो" म्हणाली. मी अजूनही त्या फोनबद्दल विचार करते. दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं, काय ते मला आजही माहीत नाही.

गटावर मी लिहिलं की साखळी काही दिवस थांबवू. तिच्यापुढची चौथी मुलगी भातकुलीच्या ढोलकीवालीची मैत्रीण होती. तिनं मला वेगळा फोन केला. म्हणाली, "मॅडम, थांबवलं तं तिले वाटन तिच्यामुळं थांबलं."

मी म्हणाले, "मग त्या दोन ओळी तू गा."

"नाही. त्या तिच्या आहेत."

"मग काय करायचं?"

"तिथं नुसती ढोलकी चालू देऊ. आमी गप राहतो. तिच्या ओळी झाल्या की मंग उचलतो."

त्यांनी तसंच केलं. चौथ्या कडव्यात सगळ्या जणी थांबतात, आठ मात्रांची चार आवर्तनं ढोलकी एकटी चालते आणि मग सगळ्या पुन्हा गातात. ढोलकीवालीनं तिथं एकही बोल वाढवला नाही. मी सुचवलं होतं की रिकाम्या जागेत थोडं भर, ऐकायला बरं वाटेल. ती म्हणाली, "भरायची जागा नाही ते." ही फीत त्यांनी अचलपूरला पाठवली की नाही, मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही.

जून उलटून गेला. एका सकाळी मी पोहे करत होते तेव्हा गटावर एक फीत आली. कोणताही मजकूर नाही. मी गॅस बंद करून ती लावली. अचलपूरच्या मुलीनं ढोलकीच्या त्या मोकळ्या जागेत आपल्या दोन ओळी गायल्या होत्या. आवाज आणखी खाली गेला होता आणि दुसऱ्या ओळीचा शेवट तिनं गायला नव्हता, नुसता सोडून दिला होता. मागे कोणीतरी भांडी घासत होतं. ऐकता ऐकता मला खूप रडू आलं, आणि नवऱ्यानं विचारल्यावर मी कांद्यावर ढकललं. मुलींपैकी कोणी फुलं पाठवली नाहीत की हात जोडले नाहीत. साखळीतल्या चौथीनं फक्त लिहिलं, "मी पुढची कडी उद्या देतो." आणि दुसऱ्या दिवशी तिनं ती दिली.

शाळा खऱ्या अर्थानं उघडली ती त्यानंतर दिवाळीच्या सुमारास. वृंदगानाचा पहिला सराव मी मैदानात ठेवला, दोन-दोन हातांचं अंतर ठेवून. बावीसपैकी चौदा मुली उरल्या होत्या. काही दहावी होऊन गेल्या, काहींनी शाळा बदलली. वर्षभर ज्या एकमेकींच्या आवाजाला इतक्या सरावल्या त्या आता समोरासमोर होत्या, त्यामुळे गाणं एकदम लागेल अशी माझी खात्री होती. ढोलकीवालीनं ठेका धरला, मी सूर दिला आणि हात खाली आणला.

सगळ्या उशिरा आल्या. एक-दोघी नव्हे, सगळ्याच. आणि ओळीगणिक मागे पडत गेल्या, दुसऱ्या कडव्याला गाणं बैलगाडीच्या चालीनं निघालं. मी थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. ढोलकीवाली वैतागून म्हणाली, "अवो, कोनाची वाट पाहून राहिल्या तुमी?"

प्रश्न बरोबर होता. वर्षभर प्रत्येकीनं आधीची ऐकून मग गायची सवय लावून घेतली होती. आता आधीची कोणी नव्हतीच, तर सगळ्याच जणी कोणीतरी सुरू करेल म्हणून अर्धा क्षण थांबत होत्या. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की सराव तिथंच संपला. ती सवय मोडायला पूर्ण दोन महिने लागले. त्यासाठी मला कोणतीही नवी युक्ती सुचली नाही. रोज वीस मिनिटं सूर, रोज टाळ्या, पुन्हा पुन्हा तेच कडवं. पहिल्या वर्षी करत होते तेच.

अचलपूरची मुलगी दहावीत होती आणि तिला सरावाला यायला जमायचं नाही, कारण आता घरच्या दुकानात आईला मदत करायला ती शनिवार-रविवार गावी जायची. स्नेहसंमेलन त्या वर्षी लहानसं झालं, वर्गात, पालकांशिवाय. तेव्हा मात्र ती आली. आपल्या दोन ओळी तिनं या वेळी पूर्ण गायल्या. गाणं झाल्यावर मुली खिचडी खायला गेल्या आणि मी पेटीचा भाता बांधत बसले. ढोलकीवाली खाली बसून ढोलकीची वादी ओढत होती. मी तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी तू नसशील. नव्या मुलींपैकी कोण वाजवेल असं तुला वाटतं?"

तिनं वादी दातात धरली होती, ती सोडून म्हणाली, "आठवीतली ती उंच पोरगी. हात जड आहे तिचा, पन ऐकते." मग ढोलकी मांडीवर घेऊन दोन्ही बाजूंनी एकेकदा वाजवली, कान लावला आणि पुन्हा वादी ओढायला लागली.